‘नंबर्स मॅचिंग’मधले नंबर नेमके कुठले?

प्रश्न : वय ४६. डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. दर ऑगस्टला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या मसल कार (मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या अमेरिकन गाड्या) बघायला जातो. एक तरी आपली असावी हे पंधरा वर्षांचं स्वप्न आहे. दुसऱ्या राज्यातल्या एका डीलरने १९७० ची शेव्हेल एसएस ४५४ ऑनलाइन विक्रीला लावली आहे. ‘एलएस६, नंबर्स मॅचिंग, क्लीन हिस्टरी, उत्तम गुंतवणूक’ असं वर्णन आहे आणि किंमत ८५,००० डॉलर. त्यातले ५०,००० मी ४०१के या निवृत्तीच्या खात्यावर कर्ज काढून उभे करीन, उरलेले बचतीतून. मुलगी तीन वर्षांनी कॉलेजला जाईल. शुक्रवारपर्यंत २,००० डॉलर इसार मागतात. देऊ का?

उत्तर : इसार देऊ नका. गाडी घेऊच नका असं मात्र मी म्हणणार नाही. पंधरा वर्षं जपलेली हौस आहे, तिला माझ्या हिशेबात जागा आहे. पण तुम्ही हौसेला गुंतवणुकीचं नाव देऊन निवृत्तीच्या पैशाला हात घालताय, आणि त्या गुंतवणुकीचा आधार म्हणजे जाहिरातीतले चार शब्द.

आधी ते शब्द तपासू. तुम्ही पाठवलेला गाडीचा नंबर, म्हणजे नंबरप्लेट नव्हे तर कारखान्याने दिलेला ओळख क्रमांक, १३६३७ ने सुरू होतो. यातला १ म्हणजे शेव्हरले, ३६ म्हणजे व्ही-८ इंजिनाची मालिबू (शेव्हेलचाच एक प्रकार) आणि ३७ म्हणजे दोन दारांची स्पोर्ट कूप. १९६६ ते ६८ मध्ये एसएस ३९६ या जास्त ताकदीच्या शेव्हेलला स्वतंत्र १३८ हा आकडा होता. १९६९ पासून एसएस हे फक्त एक पॅकेज झालं आणि गाडीच्या नंबरातून त्याची खूण गेली. म्हणजे कारखान्यातून ४५० अश्वशक्तीचं एलएस६ इंजिन घेऊन निघालेली गाडी आणि शाळेच्या बाईंनी घेतलेली साधी व्ही-८ मालिबू, दोन्हींच्या नंबराची सुरुवात तंतोतंत सारखी. फुगीर बॉनेट, पट्टे, बिल्ले, काळी जाळी हे सगळं आज नवं विकत मिळतं. फोटोतलं काहीच पुरावा ठरत नाही.

‘नंबर्स मॅचिंग’चा खरा अर्थ असा, की इंजिनाच्या पुढच्या पट्टीवर ठोकलेले क्रमांक त्याच गाडीच्या नंबराच्या शेवटच्या आकड्यांशी जुळतात. पण अनेक विक्रेते हाच शब्द ओतीव भागावरचे नंबर आणि तारखा त्या वर्षाला शोभतात, एवढ्याच अर्थाने वापरतात. त्याला खोटं म्हणता येत नाही, पण त्या अर्थाने इंजिन कुठल्या तरी भंगारातल्या दुसऱ्या गाडीचंही असू शकतं. याहून वाईट म्हणजे पट्टी घासून नवे आकडे ठोकणं. म्हणून नुसते आकडे जुळून भागत नाही, कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक समांतर रेषा पट्टीवर शिल्लक आहेत का हेही पाहावं लागतं. तुम्ही इंजिनिअर आहात, चांगला फोटो मिळाला तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर दिसेल.

आणि ‘क्लीन हिस्टरी’? सतरा अक्षरी नंबर अमेरिकेत १९८१ पासून आले. या गाडीचा नंबर तेरा अक्षरांचा आहे. गाडीचे अपघात, मालकी दाखवणाऱ्या नेहमीच्या हिस्टरी रिपोर्टमध्ये तो बसतच नाही. जिथे तपासणीच होत नाही तिथे ‘क्लीन’ लिहायला काय जातं?

कागदपत्रं असलेली पक्की एलएस६ या किमतीच्या बरीच वर जाते. उलट मालिबूवर उभी केलेली नक्कल असेल, तर तुम्ही ती सोन्याच्या भावात घेताय. विकायला काढाल तेव्हा समोरचा पहिला प्रश्न विचारेल, बिल्ड शीट आहे का? कारखान्यात गाडी जुळवताना वापरलेला हा कागद टिकला असेल तर बहुतेक वेळा पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या सीटखाली सापडतो. तो नसेल तर तुमच्याकडे उत्तर नाही, आणि किंमतही मालिबूचीच.

आता पैसे. ४०१के वर कर्ज मिळतं ते तुमच्या हक्काच्या रकमेच्या निम्मं किंवा ५०,००० डॉलर, यांतलं जे कमी असेल ते. तुम्ही कमाल मर्यादा गाठताय. साडेआठ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे १,०२६ डॉलर पगारातून जातील. पाचातली शेवटची दोन वर्षं मुलीच्या कॉलेजची आहेत. त्यात तुमची नोकरी गाडी उद्योगातली. नोकरी सुटली तर उरलेलं कर्ज त्या वर्षीचं विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत फेडावं लागतं. नाही जमलं तर ते उत्पन्न धरून कर लागतो आणि तुमच्या वयात वर १० टक्के दंड. मंदीत तुमचा पगार आणि अशा गाड्यांचे भाव एकाच वेळी पडू शकतात, मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते.

मिशिगनचा ६ टक्के कर म्हणजे आणखी ५,१०० डॉलर, शिवाय वाहतूक, विमा आणि बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांचे हिवाळ्याचे महिने गॅरेजमध्ये. विमा घ्याल तेव्हा आधी ठरवलेली पूर्ण किंमत देणाराच घ्या. आणखी एक : स्वतःच्या वापराची गाडी नफ्यात विकली तर कर लागतो, तोट्यात विकली तर तो तोटा वजा मिळत नाही.

माझ्या मते तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. गुंतवणूकही हवीच असेल, तर विक्रेत्याच्या शब्दाबाहेर नोंद मिळते अशी गाडी बघा. १९६६ ते ७१ मधल्या पॉन्टियॅक जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो आणि पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याची नोंद मागवता येते. १९६७ पासूनच्या फोर्ड मस्टँगला कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला मार्टी रिपोर्ट मिळतो. फक्त चालवायची हौस असेल, तर ‘ही नक्कल आहे’ असं उघड सांगून विकली जाणारी शेव्हेल नकलेच्या भावात घ्या, तीही बचतीत मावेल तेवढ्यातच. ऑगस्टच्या संध्याकाळी वुडवर्डवर आवाज तोच येतो. मला विचाराल तर तुमच्यासाठी हा दुसरा रस्ता.

तरीही या डीलरचा नाद सुटत नसेल, तर आजच त्याला लिहा : इंजिनाच्या पट्टीचा जवळून फोटो, बिल्ड शीट आणि ‘मूळ एलएस६ गाडी, मूळ इंजिन’ हे शब्द विक्रीच्या करारात. जाहिरातीच्या तळाशी ‘वर्णन मालकाने दिलेले, खरेदीदाराने खात्री करावी’ असं बारीक अक्षरात आहे, ते तुमच्या नजरेतून सुटलं असावं. शेव्हेल ओळखणारा स्वतंत्र तपासनीस तुमच्या खर्चाने पाठवा, काहीशे डॉलर जातील ते जाऊ द्या. करारात ते शब्द घालायला तो तयार झाला तर मला फोन करा, पैशाचं पुन्हा बसून बघू. नाही म्हणाला किंवा शुक्रवारचंच टुमणं लावलं, तर त्याला पुढचा ईमेल करू नका.