फिनलंडच्या अंबेरियन डॉन या बँडने ‘लुकिंग फॉर यू’ या अल्बमात मेटल हे जड गिटारांचे रॉक संगीत सोडून पॉपची वाट धरली, असे म्हणता येईल का?

आपण ‘रिव्हर ऑफ तुओनी’ या पहिल्या अल्बमापासून हा बँड ऐकत आला आहात, 2020 चा ‘लुकिंग फॉर यू’ ऐकून आपली निराशा झाली आणि त्यात स्वीडनच्या ॲबा या पॉप गटाचे गाणे पाहून बँडकडचे स्वतःचे सांगणे संपले की काय, अशी शंका आपल्याला आली, असे आपण लिहिले आहे. मी हा अल्बम गेली काही वर्षे वारंवार ऐकत आलो आहे आणि माझे मत आपल्याहून बरेच वेगळे आहे. या अल्बमात पॉप बाहेरून आलेले नाही. ते या बँडच्या चालींमध्ये पहिल्यापासून होते. आधी ते झाकलेले होते, इथे उघडे झाले, एवढाच फरक आहे. मात्र ते उघडे होताना काही गोष्टी हरवल्या, हेही मला मान्य आहे आणि त्याविषयी मी पुढे लिहिणार आहे.

हा बँड 2006 मध्ये उभा राहिला आणि तेव्हापासून त्याचे संगीत मुख्यतः एकाच माणसाने, म्हणजे कीबोर्डवादक तुओमास सेप्पालाने रचले आहे. त्याआधी तो व्हर्चुओसिटी या बँडमध्ये होता आणि तिथला भर पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वळणाने जाणाऱ्या वेगवान वादनावर होता. 2008 चा ‘रिव्हर ऑफ तुओनी’, 2009 चा ‘द क्लाउड्स ऑफ नॉर्थलँड थंडर’, 2010 चा ‘एंड ऑफ ईडन’ आणि 2012 चा ‘सर्कस ब्लॅक’ या पहिल्या चार अल्बमांत हायडी पार्विआइनेन ऑपेराच्या पद्धतीने गात असे. तुओनी हा फिन्निश पुराणकथांतला मृत्युलोकाचा स्वामी आणि त्याची नदी ही जिवंतांच्या व मृतांच्या जगांमधली सीमा. अशा विषयांना तो उंच, गोलाकार, शब्दांपेक्षा स्वराला जपणारा आवाज शोभून दिसत असे. त्या आवाजामुळेच आपल्यासारख्या अनेक श्रोत्यांनी या बँडला सिंफनिक मेटलच्या, म्हणजे वाद्यवृंदाची भव्यता असलेल्या मेटलच्या कप्प्यात ठेवले आणि त्याखालच्या चालींकडे फारसे कोणी पाहिले नाही.

आता आपण एक करून पाहावे, अशी माझी विनंती आहे. पहिल्या अल्बमातले कोणतेही वेगवान गाणे घ्यावे, त्यातला दोन्ही पायांनी वाजवल्या जाणाऱ्या बेस ड्रमचा मारा, गिटार आणि सोप्रानो हा उंच स्त्रीस्वर मनातल्या मनात बाजूला सारावे आणि केवळ ध्रुवपदाची चाल गुणगुणून पाहावी. मी हे पुष्कळदा केले आहे आणि दर वेळी माझ्या हाती आखूड, पुन्हा पुन्हा त्याच जागी परतणारी, एकदा ऐकून लक्षात राहील अशी चाल लागली आहे. अशी चाल रचणारा माणूस वळणावळणाची बारा मिनिटांची गाणी लिहिण्यासाठी जन्मलेला नसतो. त्याचे खरे सामर्थ्य साडेतीन-चार मिनिटांत सगळे सांगून मोकळे होण्यात असते.

पार्विआइनेन 2012 मध्ये बँडमधून बाहेर पडली आणि तिने डार्क सारा हा स्वतःचा प्रकल्प सुरू केला. तिच्या जागी पायवी विर्कुनेन आली, जिला सगळे काप्री या नावाने ओळखतात. 2013 च्या ‘री-इव्होल्यूशन’मध्ये जुनीच गाणी तिच्या आवाजात नव्याने ध्वनिमुद्रित झाली आणि माझ्या मते या बँडचा सगळा पुढचा प्रवास त्या एका निर्णयात दडलेला आहे. तीच चाल, तोच ठेका, तीच वाद्ये असताना केवळ आवाज बदलल्याने गाणे किती वेगळ्या घराण्याचे होऊ शकते, हे सेप्पालाला तेव्हा ऐकू आले असावे. काप्रीचा आवाज पॉप-रॉकच्या पठडीतला आहे. ती मधल्या सप्तकात रमते, व्यंजने स्पष्ट उच्चारते आणि शब्द श्रोत्याच्या कानाजवळ आणून ठेवते. ऑपेराचा आवाज वाद्यवृंदाच्या वर तरंगतो. तो ऐकू यावा म्हणून खाली कितीही दाट वाद्यमेळ रचला तरी चालतो. काप्रीसारख्या आवाजाला मात्र वाद्यांनी जागा करून द्यावी लागते आणि ती जागा करून देता देता ‘मॅजिक फॉरेस्ट’ (2014), ‘इनुएंडो’ (2015) आणि ‘डार्कनेस ऑफ इटर्निटी’ (2017) या अल्बमांमध्ये रचना हळूहळू पातळ, मोकळी आणि सिंथच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या अंगाने जाणारी होत गेली. आपण ‘लुकिंग फॉर यू’ला अचानक मारलेली उडी म्हणता, पण ती सात वर्षे चाललेल्या उताराची अखेरची पायरी होती.

पहिलेच ‘युनायटेड’ हे गाणे सुरू झाले की आपल्याला काय खटकले असेल, हे मी समजू शकतो. तिथे सिंथ पुढे आहे, गिटार पाठीशी आहे आणि आनंद कोणताही आडपडदा न ठेवता व्यक्त झाला आहे. अल्बमला नाव देणाऱ्या गाण्यात तर 1980 च्या आसपासच्या युरोपीय पॉपची छाया सरळ दिसते. मेटल ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना आनंदाविषयी उगाचच एक संशय असतो आणि दुःख किंवा भव्यता असल्याशिवाय संगीत गंभीर असू शकत नाही, असे आपण धरून चालतो. वास्तविक पॉवर मेटल हा मेटलमधला सर्वांत उजळ प्रकार आहे. जर्मनीच्या हेलोवीन या बँडने 1987 आणि 1988 मध्ये ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’चे दोन भाग काढले, तेव्हापासून या प्रकाराने गाता येईल असे ध्रुवपद, तिसऱ्या स्वराच्या अंतराने जोडीने चालणाऱ्या सुरावटी आणि शेवटी पट्टी वर चढवण्याची युक्ती या तिन्ही गोष्टी आपल्याशा केल्या. या तिन्ही गोष्टी पॉपमध्ये त्याहून आधीपासून आहेत.

म्हणूनच ॲबाच्या गाण्याची निवड मला या अल्बमाची किल्ली वाटते. ‘ले ऑल युअर लव्ह ऑन मी’ हे गाणे 1980 च्या ‘सुपर ट्रूपर’ या अल्बमातले; बेनी आंदरसन आणि ब्यॉर्न उल्वेउस यांनी लिहिलेले आणि ॲबाची गायिका आग्नेथाने गायलेले. ब्रिटनमध्ये 1981 मध्ये ते बारा इंची तबकडीवर निघाले आणि डिस्कोथेकमध्ये गाजले. माझ्या मामाकडे ॲबाच्या गाण्यांची एक कॅसेट होती आणि तिच्यावर हेच गाणे मी लहानपणी सर्वांत जास्त वेळा मागे घेऊन ऐकले, कारण मला त्याची भीतीही वाटत असे. ते वरवर नाचाचे गाणे आहे, पण त्याचा विषय मत्सर आहे. पूर्वी कधी मत्सर न वाटलेली बाई आता प्रत्येक दुसऱ्या स्त्रीकडे शत्रू म्हणून पाहते आहे आणि त्याची तिला लाज वाटत असतानाही ती स्वतःला आवरू शकत नाही. स्वर खिन्न पट्टीतले आहेत आणि ध्रुवपद आले की एकच बाई गात असल्याचे भान सुटते. चर्चमध्ये सगळी मंडळी मिळून स्तोत्र म्हणत असावीत, तसे अनेक आवाजांचे दाट थर एकमेकांवर येतात. तिथे पोहोचण्यापूर्वी कडव्याच्या अखेरीस आवाज एखाद्या यंत्रात सापडल्यासारखा घसरत खाली जातो. ही घसरण त्या काळी नव्याने वापरात आलेल्या, आवाजाची पट्टी बदलणाऱ्या हार्मोनायझर या यंत्राने साधली होती.

आता मला सांगा, खिन्न पट्टी, समूहस्वरांचे थर, न थांबणारा ठेका आणि स्तोत्रासारखे ध्रुवपद, यांपैकी कोणती गोष्ट सिंफनिक पॉवर मेटलला परकी आहे? ॲबाचे ध्वनिमुद्रक मिखाएल त्रेतोव हे एकच आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून आणि टेपची गती किंचित बदलून थरांना जाडी आणत असत. आजचे मेटल बँड संगणकावर समूहस्वर रचताना तेच उद्दिष्ट ठेवतात. हे गाणे मेटलवाल्यांना पूर्वीपासून खुणावत आले आहे. हेलोवीनने ते 1999 च्या ‘मेटल ज्यूकबॉक्स’मध्ये घेतले आणि टोबियास सामेटच्या अव्हान्टासिया या प्रकल्पाने 2007 मध्ये. स्वीडनच्या थेरियननेही ॲबाचे ‘समर नाइट सिटी’ गायले आहे. तेव्हा अंबेरियन डॉनने काही लाजिरवाणी गोष्ट केली नाही. त्याने या घराण्याचे आणि पॉपचे जुने नाते उघडपणे सांगितले.

परकी चाल घेणे हे आटलेपणाचे लक्षण मानण्याची सवय मला मुळातच पटत नाही. आपल्याकडे जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून ते पद कोणत्या आधीच्या गाण्यावरून बेतले आहे, हे प्रामाणिकपणे छापले जात असे आणि त्यामुळे त्या पदाची प्रतिष्ठा कमी झाली नाही. प्रश्न एवढाच असतो की घेतलेल्या चालीत गाणाऱ्याने आपले काय घातले.

आणि इथे माझी तक्रार सुरू होते. अंबेरियन डॉनने या गाण्याची मूळ मांडणी फारशी हलवलेली नाही. काप्री ते जीव लावून गाते, तिच्या गळ्याला ते बेतून शिवल्यासारखे बसते, पण गिटार मूळच्या ठेक्याला जाड करण्यापलीकडे जात नाही. मूळ गाण्यातली भीती, म्हणजे नाचता नाचता आपला ताबा सुटत असल्याची जाणीव, मेटलने वाढवायला हवी होती, कारण तेच तर मेटलला सर्वांत चांगले जमते. इथे गाणे मोठे झाले आहे, पण अधिक धोकादायक झालेले नाही. हीच उणीव अल्बमातल्या बँडच्या स्वतःच्या काही गाण्यांतही आहे. रिफला, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या सुरावटीला, स्वतंत्र म्हणणे उरलेले नाही. गिटारने केवळ सुरांच्या खाली जाजम अंथरावे, अशी तिची भूमिका झाली आहे. ‘गो फॉर अ राइड’सारख्या हलक्या गाण्यात ते मला मुळीच खटकत नाही, कारण तिथे गाण्याचा सगळा भार चालीवर आहे आणि चाल तो सहज पेलते. पण जिथे गाणे गंभीर होऊ पाहते, तिथे खालून कोणीतरी प्रतिवाद करायला हवा होता, असे वाटत राहते.

अल्बमातली सर्वांत अवघड जागा मात्र वेगळीच आहे. ‘सिंफनी नं. 1’ या रचनेचा तिसरा भाग, ‘अवेकनिंग’, इथे आला आहे आणि त्यात ऱ्हॅप्सडी या बँडमुळे प्रसिद्ध झालेला इटलीचा गायक फाबिओ लिओने पाहुणा म्हणून गातो. जुन्या श्रोत्यांना हीच रचना सर्वांत आवडली असेल, असा माझा अंदाज आहे, कदाचित आपल्यालाही. लिओनेचा आवाज भरदार आहे आणि वाद्यवृंदाची भव्यता त्याला मानवते, हे खरे. तरीही मला ती रचना या अल्बमात उपरी वाटते. तिच्या आधीची आणि नंतरची गाणी मोजक्या शब्दांत बोलत असताना ती एकदम सभागृहात उभे राहून भाषण करू लागते. बँडने जुन्या श्रोत्यांना धीर देण्यासाठी तिला इथे ठेवले असेल, तर तिच्यामुळे उलट परिणाम झाला. ती नसती, तर आपण या अल्बमाची तुलना ‘रिव्हर ऑफ तुओनी’शी केलीच नसती आणि तो जे आहे ते म्हणून ऐकला असता.

आपण फिनलंडच्याच नाइटविश या सिंफनिक मेटल बँडचे उदाहरण दिले आहे. गायिका तार्या तुरुनेन गेल्यानंतर 2007 च्या ‘डार्क पॅशन प्ले’मध्ये आनेत ओल्झोन आली, तेव्हा तिथेही ऑपेराच्या आवाजाची जागा पॉपच्या आवाजाने घेतली होती. पण त्या बँडचा संगीतकार तुओमास होलोपाइनेनने वाद्यवृंदाची भव्यता कमी केली नाही, उलट वाढवली; नव्या आवाजाला जुन्या वास्तूत राहायला लावले. सेप्पालाने आवाजासाठी वास्तूच नवी बांधली. मला दुसरा मार्ग अधिक धाडसाचा वाटतो, जरी पहिल्याला यश कितीतरी अधिक मिळाले. नेदरलँड्सच्या विदिन टेम्प्टेशन या बँडच्या 2013 च्या ‘क्यू-म्युझिक सेशन्स’शी आपण केलेली तुलना मात्र मला मान्य नाही. बेल्जियममधल्या एका रेडिओ केंद्रासाठी लोकप्रिय गाणी आपल्या ढंगात करून दाखवणे, हे त्या प्रकल्पाचे स्वरूप होते. त्या गाण्यांनी त्या बँडच्या स्वतःच्या रचनेला काही दिशा दिली, असे मला ऐकू येत नाही. इथे ॲबाचे एक गाणे अख्ख्या अल्बमाला अर्थ देते. इतका, की 2022 मध्ये बँडने ‘टेक अ चान्स’ हा संपूर्ण अल्बम ॲबाच्या गाण्यांवर काढला. तो मला ‘लुकिंग फॉर यू’इतका आवडला नाही. प्रेम तेच आहे, पण शेजारी स्वतःची गाणी नसल्यामुळे आधीच्या अल्बमात जो संवाद चालला होता तो तिथे थांबतो.

अल्बम पुन्हा ऐकायचा असेल, तर क्रम बदलून ऐकावा, असे मी सुचवीन. ‘अवेकनिंग’ तूर्त बाजूला ठेवावे. प्रथम ॲबाचे मूळ ‘ले ऑल युअर लव्ह ऑन मी’ हेडफोन लावून ऐकावे, मग हेलोवीनचे, मग अंबेरियन डॉनचे, आणि लगेच त्याला लागून ‘लुकिंग फॉर यू’ हे गाणे. तिन्ही आवृत्त्यांत कडवे संपून ध्रुवपद सुरू होण्यापूर्वीच्या त्या दोन-चार क्षणांकडे, आवाज जिथे घसरतो त्या जागेकडे, विशेष लक्ष द्यावे आणि मग सेप्पालाच्या स्वतःच्या गाण्यात ध्रुवपदाच्या उंबरठ्यावर काय घडते ते पाहावे. आपल्याला तिथे काय ऐकू आले, ते वाचायला मला मनापासून आवडेल.