कार्डावरचं ‘एएस’

प्रश्न : मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. आमच्या कॉलेजात सिकलसेलची तपासणी झाली आणि माझ्या कार्डावर ‘एएस’ लिहून आलं. तेव्हापासून आई रडते, पोरीला रोग निघाला म्हणते. जीन, क्रोमोसोम, ॲलील, म्युटेशन, रिसेसिव्ह, कॅरिअर या सगळ्यांच्या व्याख्या मला पाठ आहेत, पण आईला काय सांगू ते सुचत नाही. आणि ‘जीन एडिटिंग’ने हे बरं होतं का?
– एक विद्यार्थिनी, गडचिरोली जिल्हा

उत्तर : बाळा, पुढचं वाचायच्या आधी आईजवळ जाऊन बस आणि सांग, तुला सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा तो आनुवंशिक आजार नाही. ‘एएस’ म्हणजे तू वाहक आहेस, तुझ्या पुस्तकातली ‘कॅरिअर’; स्वतः आजारी नाहीस, पण हा दोष तुझ्याकडून मुलांत जाऊ शकतो. आजारी माणसाच्या कार्डावर ‘एसएस’ येतं. वाहकाचा पुढे कधी ‘एसएस’ होत नाही, वय वाढलं तरी नाही. रोजच्या जगण्यात वाहकाला सहसा काही त्रासही नसतो. पाणी न पिता उन्हात अतिश्रम मात्र करू नकोस.

आता तुझे शब्द. पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडची, २३ बाबांकडची. गुणसूत्र म्हणजे प्रथिनांवर गुंडाळलेला डीएनएचा लांबलचक धागा. त्या धाग्याच्या ज्या तुकड्यात एखादं प्रथिन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं, तो जनुक, म्हणजे जीन. हिमोग्लोबिन हे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन, त्याच्या बीटा साखळीचा जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. ही गुणसूत्रं तुझ्याकडे दोन, म्हणून तो जनुकही दोन प्रतींत. एक प्रत नेहमीची, ‘ए’. दुसरी ‘एस’. एकाच जनुकाचे हे जे वेगळे नमुने, त्यांना ॲलील म्हणायचं. तुझ्या कार्डावरची दोन अक्षरं ही तुझ्या दोन ॲलीलची नावं आहेत.

‘एस’ कुठून आला? ‘दिन’ लिहिताना वेलांटी बदलली की ‘दीन’ होतो आणि अर्थच पालटतो. डीएनएत नेमकं तसंच झालं. ‘जीएजी’ या तीन अक्षरांतलं मधलं बदलून ‘जीटीजी’ झालं. हे उत्परिवर्तन, म्युटेशन. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, ओळीनं असतात, त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. बाकी १४५ जशीच्या तशी. तरी ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या कांड्या होतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. मी पहिल्यांदा ती स्लाइड पाहिली तेव्हा मधोमध एक पेशी अगदी धान कापायच्या विळ्यासारखी पडली होती, दोन्ही टोकं अणकुचीदार. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून ‘एसएस’च्या मुलाचे हातपाय असह्य दुखतात. नेहमीची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १०-२० दिवसांत संपते. तुझ्या पेशींत ‘ए’ प्रतीचं चांगलं हिमोग्लोबिन भरपूर आहे, त्यामुळे हे सहसा घडत नाही.

एका शब्दाबद्दल मात्र मला थांबून सांगायचंय. ‘रिसेसिव्ह’ला आपण मराठीत अप्रभावी म्हणतो आणि मुलं लिहून मोकळी होतात, ‘अप्रभावी जनुक कमकुवत असतो, त्याने नुकसान होत नाही’. एकतीस वर्षं मी हे वाक्य लाल पेनानं खोडलं. अप्रभावी म्हणजे एवढंच, की सोबत प्रभावी ॲलील असेल तर त्याचा परिणाम दिसत नाही. दोन ‘एस’ एकत्र आले की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

हे समजण्यासाठी मी वर्गात दोन डबे ठेवायची, एक आईचा, एक बाबांचा. प्रत्येकात दोन चिंचोके, एक तसाच तपकिरी, तो ‘ए’, एक फरशीवर घासून पांढरा केलेला, तो ‘एस’. डोळे मिटून दोन्ही डब्यांतून एकेक काढायचा, जोडी वहीत लिहायची आणि चिंचोके परत टाकायचे. चाळीस वेळा. पुस्तकाप्रमाणे दोन्ही पांढरे दहा वेळा यायला हवेत. कधी सात यायचे, कधी तेरा, आणि मुलं म्हणायची, मॅडम, चुकलं. चुकलेलं नसायचं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेललाही वाटाण्याचे गोल दाणे ५४७४ आणि सुरकुतलेले १८५० मिळाले होते, बरोबर तिनास एक नव्हेच.

चिंचोके परत टाकणं सगळ्यात महत्त्वाचं. एका पालकसभेत एक वडील भेटले. नवराबायको दोघंही वाहक, पहिला मुलगा ‘एसएस’. ‘चारांत एकाला होतो’ असं त्यांना सांगितलं गेलं होतं, त्यामुळे एक झाला, आता पुढची तीन सुखरूप, असा त्यांचा हिशोब. दुसरी मुलगीही ‘एसएस’ झाली. त्या माणसाचा चेहरा मी विसरले नाही. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात नव्यानं २५ टक्के शक्यता असते, आधीच्या मुलाशी तिचा काही संबंध नाही.

जीन एडिटिंगचं थोडक्यात. क्रिस्पर, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापायच्या तंत्रावरच्या सिकलसेल उपचाराला नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं मान्यता दिली. रुग्णाच्या स्वतःच्या, रक्तपेशी तयार करणाऱ्या मूलपेशी काढून प्रयोगशाळेत त्यांच्या डीएनएत एका जागी काप देतात आणि त्या परत त्याच्या शरीरात सोडतात. ‘एस’ची चूक त्यात दुरुस्त होत नाही. गर्भात असताना तयार होणारं आणि जन्मानंतर बंद पडणारं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं. मान्यता मिळाली तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर होती. आपल्याकडच्या रुग्णांसाठी आज कामाची आहे ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुला यातलं काहीच लागणार नाही.

अजून दोन गोष्टी आईला सांग. ‘एस’ तिच्याकडूनच आला असं कुणी म्हणत असेल तर ऐकून घेऊ नकोस, तो बाबांकडूनही आलेला असू शकतो. दोघांची तपासणी करून घ्या, भावंडांचीही. आणि वाहकाला मलेरियाच्या गंभीर प्रकारापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणूनच मलेरियाच्या मुलखांत ‘एस’ पिढ्यान् पिढ्या टिकून राहिला. तरी मच्छरदाणी लावच.

कार्ड जपून ठेव. लग्नाची बोलणी होतील तेव्हा मुलाचं कार्ड आधी माग. ‘एए’ असेल तर तुमच्या कुठल्याच मुलाला ‘एसएस’ होणार नाही. ‘एएस’ असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोला. पण त्याला अजून पुष्कळ वर्षं आहेत. आज संध्याकाळी आईला घेऊन चिंचोके घासायला बस, आणि चाळीस वेळांत किती जोड्या पांढऱ्या आल्या ते मला कळव.