दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहिली आहे. प्रकाशक कसा शोधू?

आधी लांबी बघा. इंग्रजीत या वयासाठी ३० ते ५० हजार शब्द सर्रास चालतात. मराठीत कुमार कादंबरी आटोपशीरच बरी. पानं वाढली की किंमत वाढते आणि पालक पुस्तक पुन्हा शेल्फवर ठेवतात. ज्योत्स्ना प्रकाशनासारख्या मुलांची पुस्तकं काढणाऱ्यांना आधी विचारून सारांश आणि दोन-तीन प्रकरणं पाठवा. चित्रकार शोधत बसू नका, ते प्रकाशक बघतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकात (१९७१पासून निघतंय) एखादी कथा छापून आली तर ओळख करून देताना उपयोग होतो. छपाईचा खर्च तुमच्याकडेच मागणारेही भेटतील, तिथे घाई नको. आणि हो, गोष्टीतला पेच मुलांनीच सोडवलाय ना, ते तपासा. शेवटी काका येऊन सगळं निस्तरत असतील तर ते प्रकरण पुन्हा लिहा.