आंबोलीला रात्री बेडकांचे फोटो काढायला निघालास? मग हे ऐक

जून-जुलैत जा. छत्री नको, रेनकोट घे. दोन्ही हात मोकळे राहतात. मलबारी उडता बेडूक शोधायचा तर पाण्यावर झुकलेल्या फांद्या बघ, त्याचं फेसाचं घरटं तिथंच लटकलेलं असतं. ते हलवू नकोस. बेडूकमासे खाली पाण्यातच पडायला हवेत. १०० एमएमची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची), अ‍ॅपर्चर एफ/११, शटर स्पीड १/२०० सेकंद आणि फ्लॅशवर डिफ्यूजर, म्हणजे प्रकाश मऊ करणारं आवरण, हवाच. नाहीतर ओल्या कातडीवर पांढरे डाग येतात. माझी पहिली अख्खी रात्र त्यातच वाया गेली. फोकस डोळ्यावर, आणि कॅमेराही त्याच उंचीवर, म्हणजे चिखलात आडवं पडणं आलंच. बोटांमधला तांबडा पडदा दिसेपर्यंत थांब. काडी टोचून उडी मारायला लावलेला बेडूक फोटोत लगेच ओळखू येतो. आणि हो, जळवांसाठी मोज्यांवर तंबाखूची पूड.