रद्द करा म्हणणं सोपं, पण त्याच्या जागी काय?

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत असतो, फोनवर सारखं ओबामाकेअर ओबामाकेअर चालू असतं. रिपब्लिकन लोक तो कायदा काढून नवा आणणार होते ना, २०१७ मध्ये तर सगळी सत्ता त्यांच्याच हातात होती, मग अडलं कुठे?

उत्तर: अडलं हिशोबात. २०१० च्या, ओबामांच्या काळातल्या या आरोग्य विम्याच्या कायद्याने विमा कंपन्यांना बजावलं की आधीपासून डायबेटीस असो की कॅन्सर, पॉलिसी नाकारायची नाही आणि त्यासाठी जादा पैसेही घ्यायचे नाहीत. हे सगळ्यांनाच हवंय. पण मग धडधाकट माणूस म्हणणार, आजारी पडल्यावर बघू, आत्ता कशाला हप्ता भरू, आणि नुसते आजारी लोकच आले तर हप्ता कुणालाच परवडणार नाही. म्हणून विमा नसेल तर दंड, आणि कमी कमाईवाल्यांना सबसिडी. दंडावर मात्र लोकांचा भयंकर राग.

रिपब्लिकनांच्या पर्यायी बिलात दंड काढला, मदत मुख्यतः वयावर ठरवली आणि वयस्कर माणसाकडून तरुणाच्या तिप्पट घ्यायची मर्यादा होती ती पाचपट केली. ऐकायला ठीक वाटतं, पण संसदेच्याच बजेट ऑफिसने मार्च २०१७ मध्ये एक उदाहरण मांडलं: ६४ वर्षांचा माणूस, वर्षाची कमाई २६,५०० डॉलर. सबसिडी वजा जाता जुन्या कायद्यात हप्ता १,७०० डॉलर, नव्यात १४,६००. मी आकडा दोनदा वाचला, वाटलं शून्य जास्त पडलंय. अर्ध्याहून जास्त कमाई हप्त्यातच, आणि ६५ ला मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मिळायला एकच वर्ष बाकी!

तरी हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, सुधारलेलं बिल २१७-२१३ ने पास झालं. वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, शेवटी छाटून छाटून छोटं केलेलं बिल २८ जुलैला मध्यरात्र उलटल्यावर मतदानाला आलं आणि नुकतंच मेंदूच्या कॅन्सरचं निदान झालेल्या मॅकेन या रिपब्लिकन सिनेटरनीच अंगठा खाली केला. ४९-५१, खेळ खल्लास. कॉलिन्स आणि मर्कोव्स्की या दोघी रिपब्लिकन सिनेटरही विरोधातच होत्या, पण त्यांचं नाव कोण घेतंय!

त्याच डिसेंबरात टॅक्सच्या कायद्यातून दंड तेवढा शून्य केला, २०१९ पासून. सगळं कोसळेल म्हणत होते, तसं काही झालं नाही, म्हणजे माझ्या मते तरी खरा टेकू दंडाचा नव्हताच, सबसिडीचा होता.

भाच्याला कंपनीकडून विमा असेल तर या भांडणाची झळ त्याला कमीच, स्वतः मार्केटप्लेसवरून (या कायद्याखालच्या विमा बाजारातून) घेत असेल तर सबसिडीच्या बातम्यांवर नजर ठेव म्हणावं.