सुपर बोल जिंकलेल्या संघाला लगेच पुढच्या वर्षी पुन्हा जिंकणं इतकं जड का जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयपीएलमध्ये चेन्नईने 2010 आणि 2011, मुंबईने 2019 आणि 2020 असे लागोपाठ चषक नेले, मग अमेरिकन फुटबॉलमधले गतविजेते पुढच्याच वर्षी का अडखळतात? यश डोक्यात जातं का?

यश डोक्यात जातं हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. सुपर बोल म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा अंतिम सामना. पहिला 1967 साली झाला. तेव्हापासून लागोपाठ दोनदा जिंकणं फक्त नऊ वेळा जमलंय. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने 2003 आणि 2004 चे हंगाम जिंकले, त्यानंतर हे जमलं ते थेट कॅन्सस सिटी चीफ्सला, 2022 आणि 2023 मध्ये. मधल्या काळातल्या सगळ्याच विजेत्यांच्या डोक्यात हवा गेली होती, असं कसं म्हणता येईल? त्यातला एक गतविजेता संघ मी अगदी जवळून बघितलाय, 2014 चा सिॲटल सीहॉक्स. त्याच्यावरूनच सांगतो.

मी मूळचा सांगलीचा, 2009 पासून सिॲटलजवळ बॉथेलला राहतो. हा खेळ मला शेजारच्या आजोबांनी शिकवला. बोइंगमधून निवृत्त झालेले, घरावर बाराही महिने 12 आकड्याचा निळा झेंडा. मैदानात अकरा खेळाडू असतात, बारावा म्हणजे प्रेक्षक, म्हणून तो आकडा. 2 फेब्रुवारी 2014 ला सीहॉक्सने डेन्व्हरचा 43-8 असा धुव्वा उडवला, तेव्हा ते त्यांच्या ओसरीवर उभे राहून रडले. तीन दिवसांनी गावात मिरवणूक निघाली. कडाक्याची थंडी, आणि सुमारे सात लाख माणसं रस्त्यावर आल्याचा अंदाज होता. मी त्या गर्दीत होतो. आजोबा तेव्हा जे म्हणाले त्याचा अर्थ मला महिन्याभराने कळला: या पोरांना आज नीट बघून घे, हेच सगळे पुन्हा एकत्र दिसणार नाहीत.

तिथेच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाला पगारावर खर्चाची मर्यादा असते. 2014 ला ती 13 कोटी 30 लाख डॉलर होती, सगळ्यांना सारखी. सीहॉक्स जिंकले ते स्वस्तात मिळालेल्या तरुण पोरांच्या जिवावर. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, रसेल विल्सन नव्या खेळाडूंच्या निवडीत तिसऱ्या फेरीपर्यंत कुणी न घेतलेला. बचावातले रिचर्ड शर्मन आणि कॅम चॅन्सलर तर पाचव्या फेरीतले. अशा पोरांचे पहिले करार अगदी लहान असतात. पण चषक जिंकला की त्यांची किंमत साऱ्या लीगला कळते. त्या उन्हाळ्यात शर्मनला आणि अर्ल थॉमसला मोठे करार द्यावे लागले, आणि ते योग्यच होतं. पण मर्यादा तेवढीच असल्यावर दुसरं कुणीतरी जाणारच. झेल घेणारा गोल्डन टेट डेट्रॉइटला गेला. ख्रिस क्लेमन्स आणि रेड ब्रायंट या बचावाच्या पुढच्या फळीतल्या दोन खांबांना सोडून द्यावं लागलं. वॉल्टर थर्मंड न्यूयॉर्कला गेला. आणि ब्रँडन ब्राउनर नावाचा उंचापुरा कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या झेल घेणाऱ्यांना अडवणारा, गेला न्यू इंग्लंडला. हे नाव लक्षात ठेवा.

नवीन खेळाडू निवडताना विजेत्याचा नंबर शेवटचा लागतो, वेळापत्रकातही बाकीच्या गटांतले अव्वल संघ त्याच्या वाट्याला येतात. आयपीएलमध्ये निदान भरवशाचे काही खेळाडू राखून ठेवता येतात आणि पहिलं येण्याची शिक्षा म्हणून लिलावात मागच्या रांगेत बसावं लागत नाही. इथे सगळी व्यवस्थाच अशी आहे की वर गेलेल्याला खाली ओढायचं आणि खालच्याला हात द्यायचा. मला ती न्याय्य वाटते. ज्याच्यावर आपला जीव असतो त्याच्या बाबतीत मात्र ती फार लागते.

हंगाम सुरू झाला झोकात, ग्रीन बेला 36-16 ने हरवून. मग सॅन डिएगोच्या कडक उन्हात हरले. डेन्व्हरला जादा वेळेत हरवलं, पण ऑक्टोबरमध्ये घरच्या मैदानावर डॅलसकडून मार खाल्ला. त्याच आठवड्यात पर्सी हार्विनला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवून दिलं. ज्याने आठ महिन्यांपूर्वी सुपर बोलमध्ये 87 यार्ड पळत, शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेऊन टचडाउन केला होता, तोच. दोनच दिवसांनी सेंट लुइसने एका फसव्या खेळीवर नव्वद यार्ड पळून गुण घेतले आणि सामना 28-26 ने नेला. तीन विजय, तीन पराभव. बचावाचा कणा बॉबी वॅग्नर पायाच्या अंगठ्याच्या दुखापतीने पाच सामने बाहेर होता.

ऑक्टोबरच्या अखेरीस आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. तिने पाहिलेला पहिला सामना न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा, ज्यात चेंडू घेऊन पळणाऱ्या मार्शॉन लिंचने चार टचडाउन केले आणि संघ एकूण 350 यार्ड पळाला. तिला खेळ समजावायला फार वेळ लागला नाही. चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं की पुन्हा चार डाव मिळतात, शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण. यार्ड म्हणजे आपला वारच. आईने आयुष्यभर शिवणकाम केलेलं, एक वार किती ते तिला टेप न लावता कळतं. लिंचला ती 'जटावाला' म्हणायची. चार-चार जण अंगाला लोंबकळत असताना तो पाय ओढत पुढे जायचा, आणि आई वार मोजायची.

पुढच्या रविवारी कॅन्सस सिटीत 24-20 असा पराभव झाला. चौथ्या क्वार्टरमध्ये एक यार्ड हवा होता, चेंडू लिंचला दिला आणि तो अडवला गेला. सहा विजय, चार पराभव. आजोबांनीसुद्धा त्या रात्री आशा सोडली होती.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. प्रशिक्षक पीट कॅरोलने ज्येष्ठ खेळाडूंना बोलावून घेतलं, मोकळेपणाने बोलणं झालं, पुन्हा एकमेकांसाठी खेळायचं ठरलं. 23 नोव्हेंबरला वॅग्नर परतला. त्या दिवशी ॲरिझोनाविरुद्ध आजोबांच्या जोडीदाराच्या तिकिटावर मी स्टेडियममध्ये होतो. तिथला आवाज नुसता कानाने ऐकायचा नसतो, तो बाकावरून वर पाठीत शिरतो. समोरच्या क्वार्टरबॅकला आपल्याच माणसांशी ओरडूनही बोलता येत नाही. 19-3 ने जिंकलो. चार दिवसांनी थँक्सगिव्हिंगला सॅन फ्रान्सिस्कोत पुन्हा 19-3, आणि सामना संपल्यावर शर्मन आणि विल्सन मैदानाच्या मधोमध, यजमानांच्याच बोधचिन्हावर बसून टर्की खात होते. मग फिलाडेल्फिया 24-14, सॅन फ्रान्सिस्को 17-7, ॲरिझोना 35-6, सेंट लुइस 20-6. शेवटच्या सहा सामन्यांत मिळून फक्त 39 गुण दिले. सलग तिसऱ्या वर्षी लीगमध्ये सर्वांत कमी गुण देणारा संघ तोच होता. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात माजी प्रशिक्षक टोनी डंगीने आपलं मत वॅग्नरला दिलं, बचावातल्या खेळाडूला. पाच सामने न खेळलेल्या माणसाला असं मत मिळावं, यातच तो परतल्यावर काय बदललं ते आलं.

डोक्यात हवा गेलेला संघ असा उठत नाही.

बाद फेरीत कॅरोलायनाविरुद्ध चॅन्सलरने पास हिसकावून 90 यार्ड पळत टचडाउन केला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या भूकंप केंद्राने स्टेडियममध्ये सेन्सर बसवले होते, त्यांच्यावर या उड्या चक्क उमटल्या. 31-17 ने जिंकलो. पण झेल घेणारा नवखा पॉल रिचर्डसन गुडघा मोडून बसला. असं एकेक माणूस गळत होतं.

18 जानेवारी 2015, ग्रीन बेविरुद्ध. मध्यंतराला 0-16. विल्सनने चार पास विरोधकांच्या हातात दिले. पहिला टचडाउनसुद्धा लाथेने गोल मारायचं सोंग करून, एरवी चेंडू लाथेने लांब धाडणाऱ्या जॉन रायनच्या हातून आला. शेवटच्या पाच मिनिटांत 7-19 होतं, लोक स्टेडियम सोडून निघाले होते. आमच्या घरात आई सोडून कुणी टीव्हीकडे बघत नव्हतं. दोन मिनिटं उरली असताना विल्सनने स्वतः पळून टचडाउन केला. मग चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून आखूड किक, ग्रीन बेच्या खेळाडूच्या हातातून चेंडू उडाला आणि ख्रिस मॅथ्यूजने तो पकडला. लिंच 24 यार्ड पळाला, टचडाउन. त्यानंतरच्या जादा दोन गुणांसाठी मागे मागे सरकत रसेल विल्सनने आभाळात भिरकावलेला चेंडू ल्यूक विल्सनने झेलला, 22-19. ग्रीन बेने बरोबरी केली, आणि जादा वेळेत जर्मेन कर्सला 35 यार्डांचा पास, 28-22. आजोबा मोजे घालूनच आमच्या दारात आले.

त्या आनंदात एक गोष्ट मागे पडली. त्याच सामन्यात शर्मनच्या कोपराला लागलं आणि थॉमसचा खांदा निखळला. पुढे सरावात चॅन्सलरचा गुडघाही गेला. दोन वर्षं सलग शेवटपर्यंत खेळायचं म्हणजे विश्रांतीचे आठवडे तेवढे कमी, आणि हा खेळ म्हणजे दर आठवड्याला भिंतीवर धडका मारणं. अंतिम सामन्यात हे तिघेही जखमी अंगाने उतरले.

1 फेब्रुवारी 2015, ग्लेनडेल, ॲरिझोना, समोर पेट्रियट्स. पहिल्याच क्वार्टरमध्ये जेरेमी लेनने पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा पास हिसकावला आणि परत पळताना त्याचा हात मोडला. थर्मंड असता तर त्याच्या जागी अनुभवी माणूस उतरला असता. उतरला अननुभवी थॅरोल्ड सायमन, आणि ब्रेडी दिवसभर त्यालाच शोधत राहिला. तरी तिसऱ्या क्वार्टरनंतर 24-14 अशी आघाडी होती. ती मिळवून देण्यात मॅथ्यूज होता. सीहॉक्सचा फोन आला तेव्हा हा मुलगा बुटांच्या दुकानात काम करत होता. एनएफएलमधला त्याचा पहिलावहिला झेल त्या रात्रीचा, आणि एकूण 109 यार्ड. दरम्यान बचावाच्या पुढच्या फळीतला क्लिफ ॲव्हरिल डोक्याला मार बसून बाहेर गेला. क्लेमन्स आणि ब्रायंट तर हंगामाआधीच गेले होते. चौथ्या क्वार्टरमध्ये ब्रेडीवर दबाव आणायला कुणी उरलं नाही. त्याने दोन टचडाउन पास दिले, दुसरा सायमनसमोरच्या एडलमनला. 24-28.

दोन मिनिटं उरली होती. कर्सने पाठीवर पडून, मांडीला, हाताला लागून उडणारा चेंडू पकडला. लिंच पळाला, एक यार्डावर अडला. एक वार. 26 सेकंद उरले असताना विल्सनने चेंडू लिंचला न देता झेल घेणाऱ्या रिकार्डो लॉकेटकडे फेकला आणि पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने मधल्या मध्ये झडप घातली.

आई म्हणाली, "अरे, जटावाला उभा होता ना?"

अख्ख्या अमेरिकेने हेच विचारलं. मला मात्र पास द्यायचा विचार चूक वाटत नाही. टाइमआउट एकच शिल्लक होता, पास हुकला असता तर घड्याळ थांबलं असतं आणि लिंचला आणखी दोन डाव मिळाले असते. एका यार्डावरून लिंच त्या हंगामात पाचपैकी एकदाच पार गेला होता. त्या वर्षी लीगमध्ये एका यार्डावरून शंभरावर पास झाले होते, त्यांतला एकही कुणी हिसकावला नव्हता. चूक होती ती गर्दीत, आखूड, तेही लॉकेटसारख्या पर्यायी खेळाडूकडे तो टाकण्यात.

आणि हा डाव समोरून ओळखला गेला होता. पेट्रियट्सनी तो सरावात घोटून घेतला होता, तिथे बटलर त्यात हरला होता. मैदानात त्याच्या पुढे कोण उभा होता? ब्राउनर. 2013 पर्यंत सिॲटलच्या सरावात रोज याच झेल घेणाऱ्यांसमोर उभा राहणारा. कर्सने पुढे घुसून लॉकेटसाठी वाट मोकळी करायची, असा तो डाव. ब्राउनरने कर्सला जागच्या जागी धरून ठेवलं, वाट झालीच नाही.

तुम्ही हा डाव यूट्यूबवर बघालच. बघताना एकदा चेंडू आणि बटलर दोघांनाही सोडून द्या, सिॲटलच्या उजव्या बाजूला 39 नंबरचा ब्राउनर पहिल्या क्षणी दोन्ही हात कर्सच्या छातीवर कसे टेकवतो तेवढंच बघा. मार्चमध्ये गेलेला माणूस तो.