३०४ स्टेनलेसमध्ये टॅप वारंवार तुटतो. कार्बाइडचा घ्यावा की सोनेरी कोटिंगचा?

रेडियल ड्रिलिंग मशीनवर ३०४ स्टेनलेसच्या बंद, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात एम ८ चे (८ मिलिमीटर व्यासाचे) आटे पाडताना हायस्पीड स्टीलचा टॅप, म्हणजे आटे कापणारे हत्यार, तुटतो, तर आता कार्बाइडचा घ्यावा की टायटॅनियम नायट्राइडचे सोनेरी कोटिंग असलेला, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की दोन्ही घेऊ नयेत. कोबाल्ट असलेल्या, पावडर मेटलर्जीच्या (धातूची पूड दाबून बनवलेल्या) हायस्पीड स्टीलचा स्पायरल फ्ल्यूट टॅप, म्हणजे पिळदार खाचांमधून चिप मागे बाहेर काढणारा टॅप, घ्यावा आणि त्यावर टायटॅनियम कार्बोनायट्राइडचे कोटिंग असावे. ते परवडत नसेल तर वाफेची प्रक्रिया करून काळा केलेला टॅपही या कामाला चालतो, कारण तो थर तेल धरून ठेवतो आणि धातू चिकटू देत नाही.

हा प्रश्न मला फार जवळचा आहे. वाळूजच्या एका कारखान्यात मी टूलरूम, म्हणजे हत्यारांचा विभाग, सांभाळत असताना हुबेहूब हेच काम आमच्याकडे आले होते. खरेदी पाहणाऱ्या साहेबांनी सोनेरी रंगाचे टॅप स्वस्तात मिळाले म्हणून पेटीभर आणून ठेवले, आणि ते तुटू लागले तेव्हा ऑपरेटरचा हात जड आहे असा निकाल देऊन टाकला. मशीनवर पैठणहून बसने येणारे एक काका होते, ज्यांचे अर्धे आयुष्य आटे पाडण्यात गेले होते. वाया गेलेल्या जॉबचे पैसे त्यांच्या पगारातून कापले गेले. मी तुटलेला टॅप भिंगाखाली धरला, तेव्हा त्याच्या खाचा चिपांनी (कापलेल्या धातूच्या किसाने) गच्च भरलेल्या दिसल्या, कारण आणलेले सगळे टॅप गन टॅप होते. गन टॅप चिप पुढे ढकलतो, म्हणून आरपार भोकात तो उत्तम चालतो. बंद भोकात मात्र पुढे ढकललेल्या चिपेला जायला वाट नसते. कोटिंगने घर्षण आणि झीज कमी होते, पण चिपेला वाट करून देणे हे खाचेच्या आकाराचे काम आहे, आणि ते सोनेरी मुलाम्याने होत नाही.

हे मी बैठकीत सांगितले, तेव्हा टूलरूमने दराच्या गोष्टीत पडू नये असे ऐकून घ्यावे लागले. पुढे साहेबांनी दुसरे टोक गाठून कार्बाइडचे टॅप मागवले. कार्बाइड कठीण असते, पण तितकेच ठिसूळही असते. स्पिंडलमध्ये किंचित खेळ असला किंवा भोक आणि टॅप एका रेषेत नसले की ते बाजूचा ताण सोसत नाही. जुन्या रेडियलवर जे व्हायचे तेच झाले, आणि आत अडकलेले तुकडे स्पार्क इरोजनने (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून) काढून घ्यावे लागले. अखेर स्पायरल फ्ल्यूटचे टॅप आले, तेव्हा त्याच मशीनवर त्याच काकांच्या हातून काम सुरळीत झाले. कापलेले पैसे मात्र त्यांना परत मिळाले नाहीत.

टॅपला दोष देण्याआधी आपले ड्रिलही तपासावे. ३०४ हे घासले गेले की पृष्ठभागावर कडक होत जाते. बोथट ड्रिल किंवा फार मंद फीड (ड्रिल पुढे सरकण्याची गती) वापरल्यास भोकाची भिंत कडक होते आणि मार टॅपला बसतो. एम ८ साठी सगळे ६.८ मिलिमीटरचे ड्रिल वापरतात, परंतु ६एच या आतील आट्यांच्या नेहमीच्या मापमर्यादेत आतील व्यास ६.९१२ पर्यंत चालत असल्याने ६.८५ चे ड्रिल वापरून टॅपवरचा भार थोडा हलका करता येतो. वेग मिनिटाला ६ मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण २४० फेरे ठेवावा, आणि शक्य असेल तिथे पाण्यात मिसळायच्या कूलंटऐवजी निव्वळ कटिंग तेल वापरावे. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीतले पाणी उडून जाते, मग त्यात नुसते बोअरचे जड पाणी ओतले जाते. त्याने तेलाचे प्रमाण घसरते, मिश्रण फाटते आणि त्याचे खापर पुन्हा टॅपवर फुटते.

हे सगळे स्टेनलेससाठी आहे, एवढे लक्षात ठेवावे. रिजिड टॅपिंग (स्पिंडलचे फिरणे आणि पुढे सरकणे अचूक जुळवणारी सोय) असलेल्या चांगल्या व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मशीनवर, बीडाचे (ओतीव लोखंडाचे) काम असेल तर कार्बाइड टॅप आपली किंमत वसूल करतो. ॲल्युमिनियमसाठी मात्र टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडचे कोटिंग घेऊ नये, कारण धातू त्याला चिकटतो. तिथे कोटिंग नसलेला गुळगुळीत टॅप बरा. आणि आपल्याकडेही कोणी साहेब टॅपच्या नगाचा भाव पाहत असतील, तर त्यांना दर भोकाचा खर्च काढायला सांगावे. त्यात स्पार्क इरोजनचे बिल आणि रद्द झालेले जॉब धरावेत, ऑपरेटरच्या पगारातून कापलेली रक्कम मात्र जमेच्या बाजूला मांडू नये.